बारावा छिद्रक

मिरजेतल्या त्या शेळीखान्यात सकाळचा पाला हवा असेल, तर शेळीला आधी सहा फूट चालून दाखवावं लागे. वाटेत काळी रबरी चालपट्टी अंथरलेली होती. कोणत्या पायावर किती भार पडला, हे ती भिंतीवरच्या पडद्यावर लगेच सांगे. शेळ्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांचा सगळा जीव समोरच्या सुबाभळीत.

अठ्ठेचाळीस नंबरची शेळी पट्टीवरून गेली आणि मागच्या दोन्ही पायांचे आकडे सारखे आले. पशुशल्यचिकित्सक डॉ. शाल्मली आवटी खुर्चीतून उठलीच.

"चौथीसुद्धा! चाचा, बघितलंत?"

दस्तगीर शिकलगारांनी बघितलं होतं. ते दाराशी उभे होते. चाळीस वर्षं त्यांनी मांडी घालून सतारी केल्या. सतारीच्या घोडीवर कानस फिरवून सूर मोकळा करायचा, जवारी काढायची, तर सतार मांडीवरच रेलायला हवी. पण गुडघ्यांतली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, झिजून गेली आणि मांडी सुटली. आता पाच वर्षं ते शस्त्रक्रियेच्या अवजारांच्या कारखान्यात टेबलाशी उभे राहून तपासणी करत. पगार बरा होता. पण रस्त्याने जाताना कुणाची सतार ऐकू आली की ते तिथेच थांबायचे.

शाल्मलीने सहा वर्षं खपून कूर्चालेप तयार केला होता. सांध्यातल्या खड्ड्यात तो भरला की नवी कूर्चा धरायला हवी. पण सहा शहरांतल्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष सहा तऱ्हेचे, कारण प्रत्येक सर्जन शेळीच्या गुडघ्यात आपल्या अवजाराने आपल्याला जमेल तसा खड्डा पाडी. व्यक्ती तितक्या प्रकृती! म्हणून चाचांच्याच कारखान्यात एकाच नकाशावरून, एकाच यंत्रावर बारा छिद्रक कापले गेले. सहा मिलिमीटरचं पोकळ पातं आणि ते खालच्या हाडात घुसू नये म्हणून वर एक थांबकडी. प्रत्येक शहराला दोन छिद्रक, प्रत्येक छिद्रकाला चार शेळ्या.

"चव्वेचाळीस शेळ्या अजून लंगडतात," शाल्मली म्हणाली, "आणि आपल्या बाराव्या छिद्रकाच्या चारही सरळ चालतात. लेप लागतो, चाचा! बाकीच्या वेळी भरतानाच काहीतरी घोळ झाला असणार. मी माणसांवरच्या चाचणीची परवानगी मागतेय. चाळीस जणांची यादी आहे, पहिलं नाव तुमचं."

दोन दिवस चाचांना घास गोड लागला नव्हता. त्यांनी दाराची चौकट धरली.

"बाई, बाराव्याला मी कानस लावलीय."

"काय?"

"आमच्यात शेवटचा हात फिरवल्याबिगर वाद्य घराबाहेर जात न्हाई. अकरा मन मारून तसंच सोडलं. बारावं सोडवंना. थांबकडीवर तीन-चार हात मारलं, बोटाला बरं लागंपर्यंत."

शाल्मलीने छिद्रक मोजयंत्राखाली धरला. थांबकडी केसभर आखूड झाली होती. तेवढ्यानेच पातं हाडात उतरलं होतं, हाडातून रक्त पाझरलं होतं आणि त्या रक्तात लेप रुजला होता.

"लेपाला रक्त हवं होतं," ती हळूच म्हणाली. "आणि आम्ही शहाण्यांनी ते कटाक्षाने अडवलं."

"मग सापडलं की."

"सापडलं. पण या चार शेळ्या आता हिशेबातून बाद, अवजार प्रमाणाबाहेरचं. नवा नकाशा, नवे छिद्रक, पुन्हा सगळ्या शेळ्या. माणसांची पाळी यायला चार वर्षं तरी." तिला एकदम त्यांचा रागच आला. "गप्प का नाही बसलात? निदान तुमचं तरी..."

"बसणारच होतो." चाचांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "माणसागणिक नवं छिद्रक, सहा गावांत मशीनवर कापणार. मिरजेत यादीतला मीच एकटा, तेवढं एक माझ्या टेबलावरनं जाणार. त्याला दोन हात मारलं असतं, तर माझं काम झालं असतं. पण माझ्यामागं एकोणचाळीस माणसं हायत. त्यास्नी मशीनचंच मिळणार होतं. ती चिरून घेणार आणि तशीच लंगडत घरी जाणार."

शाल्मलीने पडद्यावर यादी उघडली आणि सगळीच्या सगळी मिटवली. पहिलं नाव पुसताना तिचं बोट अडलं. चाचा अडुसष्ट वर्षांचे होते, हे तिने स्वतःच त्या नावापुढे लिहिलं होतं.

पलीकडे पाला संपवून अठ्ठेचाळीस नंबरची शेळी सावलीला गेली. तिने चारही पाय सहज पोटाखाली घेतले आणि निवांत बसली. चाचा तिच्याकडे बघत राहिले. बसावंसं वाटत होतं त्यांना, फक्त एकदा खाली बसावंसं, आणि ते वाटणं डोळ्यांत आलं तरी त्यांनी ते पुसलं नाही.

"बाई," त्यांनी विचारलं, "तिला कळत असंल का, तिला काय मिळालंय ते?"