इसरूच्या वाट्याचे बटाटे

सत्तावन्न सालचा माघ महिना. एटापल्लीकडच्या जंगलातल्या एका पाड्यावर शेतकी खात्याचे गुणवंतराव अकरा दिवस बटाटे पुरत होते. बाहेरून आलेल्या बियाण्यातून बांगडी रोग शिरला होता. बटाटा कापला की आत तपकिरी कडं दिसे, दाबलं की पुवासारखं पांढरं पाणी. असा एक जरी बियाण्यात गेला, तरी पुढच्या गावाची जमीन नासायची. म्हणून सारं पीक उपटायचं, खोल खड्ड्यात लोटायचं, वर चुना आणि माती. गुणवंतरावांची पाठ मोडून आली होती. नखांतला कुजकट वास धुऊनही जात नव्हता.

शेवटचं वावर बुधरीचं. तिचा नवरा इसरू दिवाळीत वारला होता. घरातल्या मेलेल्यांना वाढल्याशिवाय तिकडे नवं पीक कुणी तोंडात घालत नाही. तिनं पाचच बटाटे मागितले, इसरूच्या नावाच्या दगडापाशी ठेवायला. गुणवंतरावांना वाईट वाटलं. पण ठेवलेले बटाटे पुढं कुणीतरी लावतंच, हे त्यांनी आधीच्या गावात पाहिलं होतं.

"एकही नाई देता येत, बाई."

"मी माह्यासाठी नाई मागून राह्यली, साहेब," बुधरी हळूच म्हणाली. "त्याले भूक हाय."

दिवस कलता कलता खड्डा बुजला. गुणवंतराव पायांनी माती दाबत होते, तेव्हा खालून आवाज आला. कुणी बटाटे निवडून टोपल्यात टाकावेत तसा... एक. मग जरा थांबून दुसरा. थकल्यावर कान वाजतात, असं स्वतःला समजावून ते मुक्कामाकडे वळले.

सकाळी ते चार कोसांवरच्या गावात पोचले. अजून रोग न लागलेलं गाव. तिथं दारोदारी बटाट्यांच्या लहान लहान राशी होत्या.

गावचा म्हातारा मंगरू हसत सामोरा आला. तुमचाच माणूस देऊन गेला, म्हणाला. थोडे रात्री शिजवले, बाकीचे बियाण्याला ठेवतो.

गुणवंतरावांनी एक उचलून कापला. आत तपकिरी कडं होतं. आणि बटाटा अंगासारखा गरम होता.

"कसा होता माणूस?"

"साऱ्या अंगाले माती. लई हळू बोले... म्हणे, नवं हाय, एकट्यानं खात नाईत."

"कुठी गेला?"

मंगरूनं जंगलातल्या वाटेकडे बोट केलं. त्या वाटेवर पुढं सतरा गावं होती.

"घरोघरी वाटलं त्यानं," मंगरू म्हणाला, "तरी टोपलं भरलेलंच होतं, साहेब..."