बाटलीतला घास

मोहिमेचं काम सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. ध्रुवीय समुद्रातल्या एका उघड्याबोडक्या बेटावर, कड्याच्या कपारींत घरटी केलेल्या दोन कुरव पक्ष्यांच्या पाठीवरचे टॅग काढून आणायचे. टॅग अंगठ्याएवढा. पक्षी कुठे उडाला, कुठे पाण्यावर उतरला, ते सगळं त्यात साठत होतं. पण दुरून ते वाचता येत नव्हतं. पक्षी हाती लागला तरच. उन्हाळा संपता संपता पिसं गळाली की टॅगही समुद्रात जाणार होते.

हे कुरव बर्फाच्या कडेला जेवतात. बर्फाखाली शेवाळ धरतं, त्यावर बारीक जीव जगतात, त्यांच्यावर मासे. समुद्र कोमट होत गेला तशी ती कड ध्रुवाकडे सरकत गेली. मोकळ्या झालेल्या पाण्यात मोठ्या जाळ्यांची जहाजं सोडायची की नाही, यावर सुनावणी चालू होती. मागच्या तारखेला, खुर्च्या अपुऱ्या पडलेल्या दालनात, जहाजवाल्यांच्या वकिलाने हसत विचारलं होतं, "पक्षी नेमके कुठे जेवतात, हे कुणी पाहिलंय का?" तेव्हा मागच्या रांगेतली एक पक्षीशास्त्रज्ञ उठून म्हणाली होती, "पुरावा मी आणते."

बोलून बसली, म्हणून आता रबरी बोटीत बसली होती. या हकिकतीत तिला वहिनीच म्हणू, कारण सोबत आलेली तिची नणंद तिला दुसऱ्या कशाने हाक मारतच नव्हती. नणंद गिर्यारोहण शिकवायची. लहानपणी घराच्या भिंतींवर चढायची म्हणून तिचं नाव 'पाल' पडलं, ते पडलंच. सुकाणूवर काका होते. मोहिमेच्या जहाजावरचे सर्वांत जुने बोटवाले, आणि तक्रार केल्याशिवाय श्वास न घेणारे.

"काका, लाट उजवीकडून येतेय!"

"मला दिसतेय ना पोरी. डोळे काय दाखवायला लावलेत? धर घट्ट! हात कमी पडले तर दातांनी धर!"

लाट आली, बोट उभी झाली, आदळली. बर्फाचा एक तुकडा बाजूने घासत गेला. काकांनी समुद्राच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि बोट दगडांच्या फटीत अचूक घुसवली.

"उद्या दुपारी वारा फिरणार. त्याच्या आत या," ते म्हणाले. "जहाज थांबेल, पण हा समुद्र थांबायचा नाही. बाई, तुम्ही पाखरांच्या नादात घड्याळ विसरता, म्हणून आधीच सांगतोय."

कडा उंच होता आणि ओला. शेकडो वर्षं बर्फाने जखडून ठेवलेला खडक आता सैल पडू लागला होता. हात घालावा तिथून खपल्या निघत होत्या. पाल आधी चढली, दोर बांधला, वहिनीला वर घेतलं. पाच-सहा वर्षांपूर्वी या कपारी पक्ष्यांनी खचाखच भरलेल्या असायच्या, इतक्या की कलकलाटात माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. आता दोघी हळू आवाजात बोलत होत्या आणि एकमेकींना ऐकू जात होतं.

पहिल्या घरट्यावर टॅगवाला कुरव नुकताच उतरला होता. खाली करड्या पिसांचं पिल्लू चोच वासून होतं. पालने लांब काठीच्या टोकाचा फास अलगद पुढे सरकवला. थांबली. ओढला!

"मिळाला! वहिनी, मिळाला!"

हातात येताच कुरवाने भीतीने पोटातलं सगळं ओकून टाकलं. या कामात हे ठरलेलंच असतं. म्हणून पक्षी धरला की आधी त्याच्या चोचीखाली पिशवी धरायची. जे पडेल ते स्पिरिटच्या बाटलीत. पक्षी काय खातो, ते त्यावरून कळतं. वहिनी कित्येक उन्हाळे हे करत आली होती. तिने पिशवी धरली, चार चंदेरी मासे बाटलीत सोडले, टॅग कापून घेतला, पक्षी उडवला. मग दोघींनी एकमेकींच्या पाठीवर थाप मारली.

पठारावरच्या तंबूत वहिनीने टॅग लॅपटॉपला जोडला. पडद्यावर एक रेघ उमटली. पाल बिस्किटं खात खांद्यावरून वाकून पाहत होती.

"ही एवढीशी गुंडाळी कसली?"

"उन्हाळ्याची सुरुवात. बर्फाची कड जवळ होती तेव्हाची. सकाळी जायचं, दुपारी परत."

"आणि ही लांबलचक?"

रेघ बेटावरून निघाली होती, पडद्याबाहेर गेली होती. तिने नकाशा लहान केला, तरी बाहेरच. आणखी लहान केला. टोक बर्फाच्या नव्या कडेला टेकलं होतं. जायला एक दिवस, मासे शोधायला एक, यायला एक.

सुनावणीला हवा होता तो पुरावा हाच. जहाजं सोडायची होती त्याच पाण्यावर रेघ जाऊन थांबत होती.

"अगं मग हस की!" पाल म्हणाली. "जिंकलीस तू!"

"ही शेवटची खेप कुठे संपली ते बघ."

पालने पाहिलं. रेघ कड्यावर येऊन संपली होती.

"घरट्यात," ती म्हणाली.

"घरट्यात नाही. माझ्या पिशवीत."

पालच्या हातातलं बिस्कीट तसंच राहिलं.

"पूर्वी एक घास घेतला तर तासा-दोन तासांत दुसरा यायचा," वहिनी म्हणाली. "म्हणून कधी काही वाटलं नाही. सगळेच घेतात. मीही घेतला. हात आपोआप पुढे गेला गं माझा. हा पक्षी इतक्या लांबून आलाय का, हे विचारायचं सुचलं नाही मला. आणि तेच विचारायला आले होते मी इथे!"

तिने बाटली उजेडात धरली. स्पिरिटमध्ये मासे पांढरे पडले होते. आता ते कुणाच्याही तोंडी लागण्यासारखे नव्हते.

सकाळी दोघी पुन्हा कड्यावर उतरल्या. पिल्लू एकटं होतं. त्याची आई आणि बाप दोघंही समुद्रावर. हल्ली एकाने राखणीला मागे राहून भागत नव्हतं. पिल्लाने चोच वासली नाही. मान घरट्याच्या काठावर टाकून ते पडून होतं.

"आपल्या डब्यातली मासोळी देऊन बघू?" पालने विचारलं.

हे चालणार नाही हे वहिनीला माहीत होतं. तरी ती हो म्हणाली. पालने डब्यातला तुकडा काठीच्या टोकाला लावून पुढे केला. तेल लावलेला, खारवलेला तो तुकडा बघून पिल्लू मागे सरकलं. आणखी मागे. त्याच्या मागे नुसती हवा होती!

"थांब! घे मागे! घे!"

काठी मागे आली. पण हालचाल वरून कुणीतरी हेरली होती. तपकिरी, रुंद पंखांचा एक लुटारू पक्षी कड्याला घासून आला, घरट्यावर क्षणभर टेकला आणि गेला. घरटं रिकामं झालं. पाल मोठ्याने ओरडली, दगड भिरकावला, शिव्या घातल्या. वहिनी ओरडली नाही. लुटारूला काय बोलणार? त्याने पडलेलं उचललं होतं. पाडलं होतं तिने.

दुसरं घरटं पुढच्या वळणावर होतं. एका पक्ष्याची रेघ पुरणार नव्हती; वकील म्हणाला असता, "बाईंचा एक पक्षी वाट चुकला!" दुसरा टॅग हवाच होता. पाल कपारीवर फास सरसावून बसली; तिच्या दोराचं दुसरं टोक वहिनीच्या कमरेला होतं. खालून, बोट घेऊन परतलेल्या काकांची शिट्टी आली. वारा फिरत होता.

आणि तो आला! समुद्रावरून, थकलेल्या पंखांनी, गळा मासळीने फुगलेला. पाठीवर टॅग स्पष्ट दिसत होता. कपारीवर टेकला. फास त्याच्यापासून वीतभर.

"ओढू?" पाल पुटपुटली.

"नको."

"वहिनी, हीच वेळ आहे!"

"आधी त्याला भरवू दे. पोट रिकामं झालं की मग धर."

"तोवर उडाला तर?"

"उडू दे."

पुन्हा शिट्टी. लांबलचक. आता खाली काकांचा आवाजही ऐकू येत होता, शब्द मात्र वाऱ्याने नेले; चांगले शब्द नसावेत. दोघी खडकासारख्या स्थिर राहिल्या. बोटं बधिर झाली. पिल्लाने चोच त्याच्या घशात घातली. एक घास. दुसरा. कुरव इकडेतिकडे बघत, सावकाश, शेवटचा मासा देईपर्यंत भरवत राहिला.

"आता!"

पाल पुढे झुकली आणि तिच्या पायाखालची कपार सुटली!

दगडांचा लोट खाली गेला. काठी गेली. पाल हवेत! दोराने हिसका दिला, वहिनी छातीवर आपटली, फरफटत कड्याच्या तोंडाशी आली. टाचा रोवल्या. एक टाच निसटली. दुसरी अडकली!

"पाल! बोल काहीतरी!"

"दोर सोडू नकोस, एवढंच बोलते!"

"पाय टेकतायत?"

"डावा! थांब, उजवाही! ओढ! अगं, जोर लाव, तुझ्या नवऱ्याची एकुलती एक बहीण आहे मी!"

वहिनीने ओढलं. हातमोजे फाटले, तळहात सोलले. तिने ओढलं. पालचे हात वर आले, मग डोकं, मग ती सगळीच वर येऊन वहिनीच्या अंगावर कोसळली. दोघी धापा टाकत पडून राहिल्या. कुरव टॅगसकट समुद्रावर निघून गेला होता. घरट्यात त्याचं पिल्लू पोट फुगवून पेंगत होतं.

बोटीपर्यंत त्या कशा उतरल्या, ते दोघींनाही नंतर नीट सांगता आलं नाही. लाटा दगडांवर फुटत होत्या. काकांनी एकेकीला कॉलर धरून आत ओढलं.

"शिट्टी ऐकू येत नाही? की पाखरांची भाषा शिकलात नि माणसांची विसरलात?" मग त्यांचं लक्ष वहिनीच्या तळहातांकडे गेलं. त्यांनी स्वतःचे हातमोजे काढून तिला दिले. बोट दोनदा पाण्याने भरली, दोनदा उपसली. तिसऱ्या लाटेनंतर जहाज दिसलं.

डेकवर सगळी मंडळी जमली होती. बिनतारी संदेशातून पहिल्या टॅगची बातमी आधीच पोचली होती. टाळ्या सुरू झाल्या. कुणी ब्लँकेट टाकलं, कुणी वाफाळता कप पुढे केला. कप्तानाने पाठ थोपटली.

"पुरावा आणलात! सगळे सुखरूप ना?"

"आम्ही सुखरूप," वहिनी म्हणाली.

पालने तिच्या बाहीला हलकेच धरलं. "राहू दे ना. कुणी विचारलंय का?"

"सुनावणीतही कुणी विचारणार नाही. म्हणून तर सांगायला हवं." ती कप्तानाकडे वळली, पण त्याच्या डोळ्यांत तिला पाहवेना. "आणलेला पुरावा एका पक्ष्याचा आहे. त्याचा घास मी काढून घेतला. त्याचं पिल्लू गेलं. अहवालात पहिल्या पानावर हे येईल. आणि ओकलेलं गोळा करणं यापुढे बंद; पिल्लाला भरवून होईपर्यंत पक्षी धरायचाच नाही."

कप्तानाचा हात खाली आला. पुढच्या रांगेतल्या टाळ्या थांबल्या. मागे उभे होते त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. ते अजून आनंदाने टाळ्या वाजवत होते, आणि त्या थांबेपर्यंत वहिनी मान खाली घालून तिथेच उभी राहिली.