गंधमाशांना सापडलेलं जहाज

खारवलीच्या जेटीवर इंजिनं सुरू करण्याआधी होड्यांचे तांडेल मोबाइलवर समुद्रातल्या विषाच्या लोटाचा नकाशा उघडत. निळ्या समुद्रावर एक जांभळा पट्टा वाकडातिकडा पसरलेला दिसे. त्या पट्ट्यात जाळं टाकायचं नाही, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. तिथली मासळी चिरली की आतून रॉकेलसारखा वास यायचा.

हा नकाशा काढत गंधमासे. माणसाच्या लांबीची, निमुळती, पिवळी यंत्रं. आत कुणी बसत नसे आणि वरून कुणी चालवतही नसे. पाण्याखाली रेडिओचा संदेश पोचत नाही, म्हणून त्यांना आपलं आपणच ठरवावं लागे. नाकाशी बसवलेल्या, विष ओळखणाऱ्या पातळ पडद्याला त्याचा अंश लागला की गंधमासा प्रवाहाच्या उलट दिशेनं निघे. माग तुटला की आडवा फिरून तो पुन्हा पकडे. मधूनच वर येऊन उपग्रहाकडे माहिती धाडी आणि परत बुडी मारी.

हे काम हेमांगी कुबलकडे होतं. ती याच गावची. समुद्रविज्ञान शिकून संशोधन केंद्रात लागलेली. "विष कुठून येतं ते सापडलं की बंद करता येईल," असं तिनं गावच्या सभेत सांगितलं होतं. एखाद्या कारखान्याचा चोरटा पाइप सापडेल, असंच तिला वाटत होतं.

सापडलं ते जहाज.

तिचा सहकारी इम्तियाज सोलकर यंत्रांची देखभाल करी. गंधमाशानं पाठवलेली चित्रं बोटीवरच्या पडद्यावर उमटली तेव्हा दोघंही पुढे वाकले. तळाच्या चिखलात जहाज कुशीवर पडलं होतं. त्याच्या फुटलेल्या पोटात पिंपांवर पिंपं. कुणाचं जहाज, कधी बुडालं की कुणी मुद्दाम बुडवलं, कशाचाच पत्ता नव्हता.

"उचलता येतील?" हेमांगीनं विचारलं.

इम्तियाजनं चित्र मोठं केलं. पिंपांचे पत्रे गंजून जाळीदार झाले होते. "हात लावला की फुटतील. सगळी एकदम."

"आणि नाही लावला तर?"

"आत्तासारखीच गळत राहतील. पंधरा वर्षं म्हण, वीस म्हण."

तज्ज्ञांच्या बैठकीतही याहून वेगळं काही निघालं नाही. वरून काँक्रीट ओतावं, तर त्याच्या भारानंच पिंपं चेपतील. शेवटी ठरलं की तूर्त नजर ठेवावी. हेमांगी नजर ठेवू लागली. पावसाळा सरता सरता तळाचं गार पाणी किनाऱ्याकडे चढतं. त्याबरोबर जांभळा पट्टा खारवलीच्या खाडीकडे वळला. तिला रोज दिसत होतं, तो आज कुठवर आला.

होड्या दुसरीकडे जाऊ शकत होत्या. खडकांना चिकटलेली कालवं कुठे जाणार? हेमांगीची आत्या, मथुराबाई, गावातल्या बायकांबरोबर ओहोटीला कालवं फोडून विकायची. हेमांगीचं शिक्षणही तिनंच त्यावर केलेलं.

"आठवड्याभरात इथं येईल, आत्या," हेमांगी म्हणाली.

"मग अडव ना. एवढी यंत्रं आहेत तुमच्याकडे."

"ती फक्त शोधतात."

"मग कालवंच हलवू," मथुराबाई म्हणाली. दुसऱ्या ओहोटीला बायकांनी कालवं लागलेले दगड सुटे करून टोपल्यांतून खाडीच्या वरच्या अंगाला, लोट पोचणार नाही अशा जागी हलवायला सुरुवात केली. हेमांगी आणि इम्तियाजही चिखलात उतरले. हाताची सालटी निघाली, तरी दोन दिवसांत बरंच काम उरकलं. मग परतीचा पाऊस असा कोसळला की वरची खाडी सगळी गोड्या पाण्याची झाली. खाऱ्या पाण्यावर जगणारी कालवं शिंपा उघडून मरून पडली.

खाली राहिलेली मात्र लोट येऊनही जगली, चांगली टपोरी झाली. हेमांगीनं ती तपासली आणि आत्याला सांगायला तिच्या अंगणात गेली.

"खायची नाहीत. विकायची तर नाहीतच. जेवढं विष पाण्यात, त्याच्या कितीतरी पट त्यांच्या अंगात साठलंय."

मथुराबाईनं एक कालव हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "दिसायला काहीच नाही गं." मग ते तिनं ओट्यावर ठेवलं. "उचला म्हणावं ती पिंपं. फुटू देत. वीस वर्षं रोज मरण्यापेक्षा एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

पुढच्या बैठकीत हेमांगीला नेमकं यावरच मत द्यायचं होतं. तिनं मोबाइलवर दुसरा नकाशा उघडला. सगळी पिंपं एकदम फुटली तर लोट कुठवर जाईल, याचं गणित होतं ते. जांभळा रंग खारवली ओलांडून उत्तरेकडे पसरत गेला होता.

"या चार खाड्या अजून स्वच्छ आहेत," ती म्हणाली. "फुटली तर याही जातील. नाही फुटली तर कदाचित वाचतील. मग फक्त आपली जाईल."

"तिथंही बायका कालवं काढतात?"

"काढतात."

मथुराबाईनं मोबाइल जवळ ओढला. आपल्या खाडीवर तिनं बोट ठेवलं, मग हळूच काढून घेतलं.

"त्यांना ठाऊक आहे का," तिनं विचारलं, "की आपण इथं बसून त्यांचं ठरवतोय?"