एकविसाव्या डब्यापर्यंत

"आधी भोक, मग माती. पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवली नाहीस तर झाड बुडून मरतं, आणि आपण म्हणत बसतो, देवाने नेलं."

बाबांचं हे वाक्य अजून कानात आहे. पत्र्याचे डबे करणारा माणूस. बोलणंही तसंच, नेमकं आणि टणक. ते गेले आणि गच्चीवरचे त्यांचे एकवीस डबे माझ्याकडे आले. तेव्हापासून माझा नेम – सकाळी शेवटच्या डब्याला पाणी घालेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. ओठांत फक्त देवाचं नाव. चार वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

म्हणूनच गच्चीचं दार धाडकन उघडून तो आत आला, तेव्हा मी चौथ्या डब्यापाशी होते, आणि गप्प होते.

"हे पाणी तुमचं?"

हातात दुकानाची ओली पाटी, आणि रंगावर थेंबांचे फोड. खालच्या अंगणात नवा आलेला रंगारी तो हाच, हे कोपरापर्यंत निळ्या झालेल्या हातांवरून कळलं.

"एकच अक्षर चार वेळा काढलं! चार! आणि दर वेळी वरून पन्हळीतून ही धार... काही वाटतं का तुम्हाला?"

मी पाचव्या डब्याकडे वळले. पुदिना.

"अहो, भिंतीशी नाही, तुमच्याशी बोलतोय!"

सहावा. सातवा. तो डब्या-डब्याने माझ्यामागे. आठव्याला त्याचा आवाज उतरला. बाराव्याला तो थबकला, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एकदम ओशाळला.

"तुम्हाला... बोलता येत नाही का? माफ करा हं. मी आपला उगाच तोफा डागत सुटलो..."

पंधराव्याला तो हातवारे करू लागला. बोटांनी थेंब, हवेत पाटी, मग स्वतःच्या कपाळावर हात. अठराव्याला त्याने झारी माझ्या हातून घेतली आणि नळावर भरून आणली.

एकविसाव्या डब्यात बाबांचा मोगरा. त्याला पाणी घालून मी झारी खाली ठेवली.

"झालं तुमचं? आता दाखवा बघू ती पाटी."

त्याचा आ मिटेचना. "म्हणजे इतका वेळ... तुम्ही..."

"नेम आहे माझा. पण हातवारे छान करता हं."

तेव्हापासून मी त्याची 'मौनीबाई' झाले. रोज दहाव्या डब्याच्या सुमारास तो जिना चढून यायचा. कारण विचारलं की म्हणायचा, "थेंब कुठून पडतो त्याचा तपास चाललाय." तपास काही केल्या संपेना.

आणि मग गच्चीच्या लगेच खाली राहणारे सोसायटीचे चेअरमनकाका वर आले. "माझ्या छताला ओल आलीय, पोरी. तुझ्या बाबांना मी मानायचो, पण महिनाअखेर गच्चीवर पाण्याचा एक ओघळ दिसला, तर सगळे डबे भंगारात."

सगळे डबे... मोगऱ्यासकट! त्यातच आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. आठ दिवस मावशीकडे राहणं भाग होतं.

"डबे माझ्यावर सोडा," तो म्हणाला. "एक थेंब खाली पडणार नाही. शब्द दिला."

आठ दिवसांनी परत आले तर गच्ची उजळून निघालेली! डबे पिवळे, निळे, केशरी; प्रत्येकावर वेलबुट्टी. फरशी कोरडी ठणठणीत. तो दाराशी उभा, लग्नघरातल्या यजमानासारखा.

"बघा! शब्द म्हणजे शब्द."

मी बघत होते ते वेगळंच. पुदिना पिवळा, टोमॅटो मान टाकलेला, मोगऱ्याची पानं डब्याभोवती गळून पडलेली. मी डबा कलता केला. तळाला हात लावला... गुळगुळीत. एकही भोक नाही. वरून काळं, कुबट पाणी माझ्या पायांवर सांडलं.

"भोकं कुठे गेली?"

"लांबी भरली की, पुट्टी! पत्र्याला भोक दिसलं की आधी लांबी भरून बुजवायचं, मग रंग. धंदाच आहे आमचा..." बोलता बोलता त्याचा रंग उडाला. "मौनीबाई, मी... मारलं का यांना?"

त्या सकाळी पाणी घालायचं नव्हतं. तरीही मी गप्प राहिले, आणि हे मौन देवासाठी नव्हतं.

तो समजूत काढत बसला नाही. बाबांचा जुना खिळा आणि हातोडी घेऊन बसला. एकवीस डबे, प्रत्येकी पाच भोकं. स्वतःच काढलेल्या वेलबुट्टीवर ओरखडे उठत होते. त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मग जुन्या पाट्यांचे पत्रे कापले, कडा वर दुमडून तबकं केली, तबकात खडे आणि खड्यांवर डबे. पाणी डब्यातून उतरतं, तबकात थांबतं, फरशीला शिवत नाही. तिसऱ्या दिवशी मीही शेजारी बसले, खडे धुवायला.

"बोलाल का?" त्याने विचारलं.

"तो डबा तिरका बसलाय. सरळ करा."

तो इतका हसला की हातोडी निसटली.

महिनाअखेर चेअरमनकाकांनी वाकून सगळ्या फरशीवरून तळवा फिरवला. कोरडा तळवा माझ्यापुढे धरून म्हणाले, "तुझा बाप असता तर छाती दोन इंच फुगली असती." बाबांची माहीत नाही, माझी फुगली. डबे वाचले म्हणून, आणि स्वतःची चूक स्वतःच्या हाताने खरवडून काढणारा माणूस माझ्या शेजारी उभा होता म्हणूनही.

काका जिना उतरले. मोगऱ्याच्या उघड्या काडीवर मोहरीएवढा हिरवा कोंब आला होता. तो कोंबाकडे पाहतच म्हणाला, "पाट्यांवर दुसऱ्यांची नावं लिहून जन्म चाललाय. वाटतं... एका दारावर आपल्या दोघांची लिहावीत. चालेल?"

कानशिलं तापली. "उद्या सांगते. एकविसाव्या डब्यानंतर."

"आत्ता सांगितलं तर काय बिघडेल?"

"शब्द दिला. उद्या."

दुसऱ्या दिवशी गच्चीचं दार उघडलं तर तो आधीच कठड्यापाशी हजर. हात धुतलेले, भांग पाडलेला. काही बोलणार, तोच मी ओठांवर बोट ठेवलं. त्यानेही ठेवलं.

मी झारी भरली, मनात देवाचं नाव घेतलं. एकवीस डबे होते आणि घाई मला कधीच जमली नाही. पहिल्यापाशी वाकले, पाणी घातलं आणि ते खाली तबकात उतरेपर्यंत थांबले.