वरच्या वाडीसाठी मोठे टायर

जीप दगडावर पोट टेकून बसली होती, आणि गुरांची डॉक्टर तिच्याखाली आडवी पडून हातातल्या खुरप्याने माती उकरत होती. चाकं जमिनीला जेमतेम टेकत होती. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की नुसती गरगर फिरत. पाऊस नव्हता, पण ढग इतके खाली उतरले होते की केसांच्या टोकांवर आपोआप थेंब जमत होते.

"डॉक्टर, गाडी काढताय की पुरताय?"

आधी तिला फक्त बूट दिसले, मग उलटा वाकलेला एक चेहरा. हसू दाबायचा प्रयत्न करणारा, आणि तो प्रयत्न अजिबात न जमलेला.

हा बाजाराच्या कोपऱ्यावरचा टायरवाला. वरच्या वाडीत ट्रॅक्टरचं पंक्चर काढून तो मोटरसायकलवर खाली निघाला होता. गाव त्याला 'नन्ना' म्हणायचं, कारण काहीही मागा, त्याचा नन्नाचा पाढा आधी सुरू व्हायचा. पण एकदा का त्याने काम अंगावर घेतलं की ते काम पुन्हा दुकानात परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तिने हे सगळं ऐकलं होतं. त्याचे डोळे इतके हसरे असतील हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

त्याने जॅक लावून जीप उचलली आणि तो चाकांखाली चपटे दगड सारू लागला. तेवढ्यात तिने त्याला सगळं सांगून टाकलं. मागच्या महिन्यात वाडीतल्या काकूंची गाय विताना अडली होती. जीप याच दगडापाशी अडकली, बॅग घेऊन ती धावत चढली, आणि पोचेपर्यंत गायही गेली होती, वासरूही. काकूंनी एका शब्दाने बोल लावला नाही. पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणाल्या, "दमलीस गं." ते दोन शब्द तिच्या जिव्हारी लागले होते. आता तिच्या खात्याच्या मोठ्या साहेबांनी ठरवलं होतं की जिथे गाडी जात नाही ती वाडी डॉक्टरच्या फेरीतून काढायची. ज्याला गरज असेल त्याने जनावर खाली आणावं. अडलेली गाय हा घाट उतरून येणार होती म्हणे. ती साहेबांशी भांडली, आणि शेवटी असं ठरलं की महिनाअखेरीला साहेब स्वतः तिच्या जीपमध्ये बसतील. जीप वर पोचली तर वाडी राहील, नाही तर गेली.

"म्हणून मला मोठे टायर हवेत," ती म्हणाली.

"नाही."

"ऐकून तरी घ्या."

"ऐकलं की. या इंजिनात जीव केवढा? मोठं चाक फिरवायला जोर जास्त लागतो. पोट दगडावरून सुटेल, पण चढावर गाडी धापा टाकेल आणि क्लच जाळून बसाल. आगीतून फुफाट्यात."

"मग फुफाट्यातून कसं निघायचं तेही सांगा. तुम्हाला माहीत असणार."

त्याने हातातला दगड खाली ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या गालावर मातीचा पट्टा होता, आणि ती हटणार नाही हे त्या पट्ट्यासकट स्पष्ट दिसत होतं. उद्या दुकानात या, एवढंच तो म्हणाला.

ती गेली. त्या दिवशी गेली आणि मग रोज संध्याकाळी जात राहिली. दुकानाच्या गल्ल्यावर त्याची वहिनी बसायची, आणि दिराला वळण लावायला आपल्याला कुणीतरी मदतनीस मिळाली असा तिने सोयीस्कर समज करून घेतला होता. टायर मोठे करायचे तर मागच्या आणि पुढच्या अ‍ॅक्सलमधले दातेही, आतली दातेरी चाकं, बदलायचे, म्हणजे इंजिनावरचा भार पूर्वीसारखाच राहतो, हे त्याने तिला समजावलं. मात्र दोन्हीकडचे दाते एकाच मापाचे हवेत. नाही तर फोर-व्हील लावलं, चारही चाकांना जोर दिला, की पुढची चाकं एका चालीने जाऊ बघतात आणि मागची दुसऱ्या. पलंग उचललेल्या दोन माणसांचं पाऊल जुळलं नाही की जसं होतं तसं.

टायर निवडताना पहिलं भांडण झालं. तिला रुंद, गुबगुबीत टायर आवडले होते. तो उंच पण अरुंद घ्या म्हणत होता. या इंजिनाला तेच झेपतील.

"रुबाबासाठी घ्यायचेत की वाडीसाठी?"

"दोन्हीसाठी."

"रुबाब काय... तो चालवणारीकडे आहेच," तो बोलून गेला, आणि मग बराच वेळ पाना शोधत राहिला. पाना त्याच्या हातातच होता.

"काखेत कळसा," वहिनी गल्ल्यावरून कुणाला उद्देशून नाही अशा थाटात म्हणाली. डॉक्टरने अरुंद टायर घेतले. वाद ती हरली होती, तरी घरी जाताना शीळ घालत गेली.

दाते मिळवायला दोघं भंगाराच्या आवारात गेले. तिथे जुने अ‍ॅक्सल रांगेने पडले होते, आणि आतले दाते कोणत्या मापाचे हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यावर त्याची रीत साधी होती. एका बाजूचं चाक एकाने घट्ट धरायचं, दुसऱ्या बाजूचं दुसऱ्याने खडूची खूण करून पुरते दोन वेढे फिरवायचं, आणि तेवढ्यात मधला दांडा म्हणजे शाफ्ट किती वेळा फिरतो ते मोजायचं. तो चाक धरून शाफ्टवर नजर ठेवून बसला, ती समोर फिरवत राहिली. मागच्या अ‍ॅक्सलची मोजणी निमूटपणे झाली. पुढच्याची चालू असताना तिला एक गोष्ट आठवली: इंजेक्शनची सुई दिसताच मालकाच्या मागे लपणारा एक धिप्पाड बैल, आणि त्या बैलाच्या मागे लपणारा मालक. सांगता सांगता तीच इतकी हसली की गंजलेल्या चाकावर कपाळ टेकून बसली. भुरभुर पाऊस तिच्या मानेवर पडत होता, आणि तिला त्याचं भानही नव्हतं.

"झालं मोजून?" तिने डोळे पुसत विचारलं.

"झालं," तो म्हणाला. "जुळतंय."

दाते बसवून पूर्ण व्हायला महिनाअखेर उजाडली. सपाट रस्त्यावर जीप सुरेख ओढत होती. कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील लावायचं नसतं, त्यामुळे ते तेवढं चढावरच लावू असं ठरलं. सकाळी साहेब आले. त्यांनी उंच झालेल्या जीपकडे पाहून सुस्कारा सोडला, आणि टायरवाल्याने हात दिल्यावर कसेबसे पुढच्या सीटवर चढून बसले. तो मागे बसला.

त्या दगडाच्या अलीकडे तिने फोर-व्हील लावलं. जीप थोडी चढली, मग स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. खालून कण्हल्यासारखा आवाज आला, गाडीने दोन आचके दिले आणि ती उभी राहिली.

"झालं समाधान?" साहेबांनी विचारलं.

ती उतरून मागे गेली. तो आधीच खाली वाकून बघत होता. उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"दाते जुळत नाहीत," तो हळू आवाजात म्हणाला. "मोजणी चुकली. माझी."

"तुमची? तुमची कशी चुकेल?"

"तुम्ही तेव्हा हसलात... बैलाचं सांगताना. किती वेढे झाले ते मी विसरलो. परत मोजू, असं म्हणायला हवं होतं. पण तुम्ही 'का' म्हणून विचारलं असतंत."

"विचारलंच असतं."

"आणि मला... सांगायचा धीर नव्हता. म्हणून अंदाजाने जुळतंय म्हणालो."

तिच्या छातीत आनंदाची कळ उठली, आणि तिच्या पाठोपाठ संतापाची. दोन्ही खऱ्या होत्या. या माणसाला आपण आवडतो हे कळायचा हाच मुहूर्त सापडला होता, साहेब घड्याळ बघत बसलेले असताना.

"तुमच्या न सांगण्यापायी माझी वाडी जाईल," ती म्हणाली.

"मी साहेबांना सांगतो. चूक माझी आहे, मुदत वाढवून द्या म्हणतो."

"चूक कुणाची याच्याशी त्यांना काय करायचंय? गाडी पोचली नाही, एवढंच ते बघणार." तिने जीपभोवती एक फेरी मारली. मग खाली वाकली, दुकानातल्या इतक्या संध्याकाळींत जे जे शिकली होती ते मनात फिरवत. "पुढच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट काढून टाकला तर? मग ओढायचं काम एकट्या मागच्या चाकांचं. भांडायला पुढे कुणी उरणारच नाही. 'लो'चा, जास्त जोराचा गिअर तर तसाच लागेल ना?"

'नाही' म्हणायला त्याचं तोंड उघडलं होतं. ते त्याने मिटलं.

"लागेल," तो म्हणाला. "पण चाकं घसरतील. मागे वजन हवं... चांगलं भरभक्कम."

दोघांनी एकाच वेळी पुढच्या सीटकडे पाहिलं.

शाफ्ट निघेपर्यंत साहेब मागच्या बाकावर, अगदी अ‍ॅक्सलच्या डोक्यावर, येऊन बसले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंना औषधाची खोकी रचली होती, आणि सरकारी कामात आपलं वजन असं वापरलं जाईल हे त्यांना नोकरीत कधी वाटलं नव्हतं. टायरवाला उलट्या पावलांनी गाडीपुढे चालू लागला. डावीकडे, जरा उजवीकडे, सरळ, असं हातांनी दाखवत. तिने दुसऱ्या कशाकडेही बघितलं नाही. त्या दोन काळवंडलेल्या तळहातांवर नजर ठेवून ती चढत राहिली. इंजिन गुरगुरलं, पण त्याने धाप टाकली नाही. दगड पोटाखालून गेला आणि कुठे खरवडल्याचा आवाज आला नाही. वळणावर मागची चाकं घसरली, खडे उडाले, साहेबांनी छताची दांडी धरून डोळे मिटून घेतले.

"सोडू नका," तो ओरडला नाही, नुसतं म्हणाला. "येतेय गाडी. येऊ द्या."

तिने पाय हलवला नाही. चाकांनी जमीन धरली, आणि जीप वाडीच्या पहिल्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिली.

तिला जिंकल्याचा आनंद करायलाही सवड मिळाली नाही. काकू धावतच आल्या. त्यांची शेळी सकाळपासून अडली होती, आणि खाली माणूस धाडायच्या त्या बेतात होत्या. डॉक्टर बाह्या दुमडून गोठ्यात शिरली. शेळीला धरायला तिने त्यालाच हाक मारली. पिल्लाचा पाय आत मुडपला होता. ती डोळे मिटून बोटांनी तो चाचपत, हळूहळू सरळ करत राहिली. गोठ्यात शेळीच्या श्वासाशिवाय आवाज नव्हता.

साहेब कंबर चोळत दाराशी आले. ते वाकून आत बघू लागले.

"वाडी फेरीत राहील," शेवटी ते म्हणाले. "मात्र उतरताना मी पायी येईन."

ते गेल्यावर तिने मान वर न करता त्याला विचारलं, हात भरून आला का. तो नाही म्हणाला.

"मग ऐका. तुमच्यावर मी अजून रागावलेली आहे. तो राग मी उद्या दुकानात येऊन काढणार, आणि पुढच्या अ‍ॅक्सलची मोजणीही उद्याच परत करायची."

"बरं."

"आणि तुम्ही मला आवडता. जीपखाली होते तेव्हापासून. आता मान घट्ट धरा, पिल्लू येतंय."

त्याने मान घट्ट धरली. त्याला खूप काही बोलायचं होतं, हे त्याच्या कानांच्या रंगावरून काकूंनाही कळत होतं.

"डॉक्टर, मी..."

"अगं, बोलू दे की त्याला," काकू म्हणाल्या.

"मलाही," तो घाईघाईने म्हणाला. "फार. ते भंगारात बसलो होतो तेव्हाच सांगायला हवं होतं."

पिल्लू ओलं, लांब पायांचं, एकदम बाहेर आलं. तिने त्याचं नाक पुसलं, ते शिंकलं, आणि तिने ते उचलून सरळ टायरवाल्याच्या हातात दिलं. तो शर्टाची पर्वा न करता त्याला छातीशी धरून उभा राहिला. काकूंनी पाण्याचा तांब्या आणला, पण दोघांपैकी कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.