बाटलीतल्या केळी आणि गाळलेला धडा

केळ्यात रुजणारं बी नसतं, मग केळीचं नवं झाड येतं कुठून? तापीकाठच्या कृषी शाळेत उन्नतीने हा प्रश्न विचारला, तोही भलत्याच वेळी. ढवळ्या नावाचा रोबो तिने केळीची रोपं वाढवलेल्या बाटल्या गाडीवर रचत होता. सगळ्या उकळून फेकायच्या, असा तिच्या वर्गाला शिकवणाऱ्या नेहेते सरांचा हुकूम होता.

त्या काळी नांगरणीही रोबो करत. सरांना त्याचं काही वाटत नसे. पण जैवतंत्रज्ञानाचा (सजीवांचा वापर करून उपयोगी गोष्टी घडवण्याच्या विद्येचा) धडा आला, की ते पानं उलटून पुढे जात. निसर्गाच्या विरुद्ध आहे, म्हणत. उन्नतीचं डोकं भणभणायचं.

ती गाडीला आडवी झाली.

"उन्नती, बाजूला हो."

"नाही होणार, सर. तुमच्या मळ्यात केळी कशा लावता?"

"मुनवे लावून." मुनवा म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारा कोंब.

"म्हणजे प्रत्येक झाड आईची नक्कलच. मीही तेच केलं. कोंबाचा इवलासा शेंडा कापून निर्जंतुक (जंतू मारलेल्या) बाटलीत, साखर आणि क्षार घातलेल्या जेलीसारख्या खळीवर ठेवला. त्यातल्या पेशी (सजीवाचे सूक्ष्म घटक) वाढत गेल्या, एका शेंड्याची खूप रोपं झाली. याला ऊतिसंवर्धन म्हणतात. मुनव्याबरोबर आईचा रोगही येतो. इथे आई आधी तपासून घेता येते."

सर हटले नाहीत. "आणि एकसारखी झाडं एकाच रोगाने झोपली तर?"

उन्नती अडखळली. प्रश्न खरा होता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. इतका चांगला प्रश्न या माणसाने वर्षभर वर्गापासून लपवून ठेवला होता.

"मुनव्यांनाही तोच धोका आहे, सर. वेगवेगळे वाण जपावे लागतील. कसे, ते मला माहीत नाही. पण हे वर्गात का नाही विचारलंत? विरोधात बोला, हवं तेवढं बोला. धडा मात्र गाळू नका."

सरांनी गाडीवरची एक बाटली उचलून उजेडात धरली.

"मला हे कुणी शिकवलंच नाही गं," ते हळूच म्हणाले. "तुमच्यासमोर अडखळलो तर?"

"मी आत्ताच अडखळले की. काय बिघडलं?"

सरांनी ढवळ्याला गाडी वर्गाकडे वळवायला सांगितली. "मी विरोधातच बोलणार आहे," त्यांनी बजावलं.

"बोला, सर," उन्नती म्हणाली. "मी पहिल्या बाकावर बसते."