दोराच्या खालच्या टोकाला

योगिनी मारकडनं त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो जमिनीपासून चार फूट वर लोंबकळत होता.

त्या दिवशी ती पहाटे पाचपासून डेअरीत दुधाचे कॅन उचलत होती. दुसरी बाई आली नाही म्हणून तिची पाळीही हिनंच केली. खांदे भरून आलेले. संध्याकाळी जळोचीला मामाच्या घरी निघाली, तर लुनाच्या चाकातली हवा गेलेली. रस्त्याकडेला कापसाचं जुनं गोदाम उघडं दिसलं. पंप मिळेल म्हणून ती आत डोकावली.

आत तीस फूट उंच प्लायवूडची भिंत, तिच्यावर लाकडाच्या खुंट्या ठोकलेल्या. वरच्या कप्पीतून दोर खाली आलेला. एका टोकाला बँकेतले ढेरपोटे साहेब, दुसऱ्या टोकाला हा काडीपैलवान. साहेबांचा हात सुटलेला, ते खाली आलेले आणि त्यांना धरणारा वर गेलेला.

"अहो मॅडम, माझे पाय धरा!"

"मी? मी काय चूक केली?"

"चूक माझीच हाय... पण पाय तुमी धरा, लवकर!"

तिनं दोन्ही पाय कवेत घेतले आणि सगळा भार टाकून त्याला खाली ओढलं. तो जमिनीला टेकला, मग हळूहळू दोर सोडत त्यानं साहेबांना उतरवलं. घाम पुसला आणि तिच्याकडे बघत विचारलं, "तुमचं वजन किती?"

आता याला काय म्हणावं? दोन स्थळं 'मुलगी दांडगी दिसते' म्हणून परत गेली होती, आणि हा थेट आकडाच विचारत होता. पण ती इतकी दमली होती की रागवायचंही त्राण उरलं नव्हतं.

"चौसष्ट."

"मी एक्कावन्न!" त्याचा चेहरा उजळला. "मला तुमच्यासारखंच कुणीतरी पाहिजे होतं."

"म्हणजे जड?"

"...व्हय," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

तो मल्हार देवकाते. आजोबा मेंढरं घेऊन डोंगर चढायचे, नातू पुण्यात जाऊन दोरानं चढायला शिकून आला आणि बारामतीत भिंत उभी करून बसला. कॉलेजची पोरं यायची, पोट कमी करायला साहेब लोक यायचे. पोरांना तो धरायचा. साहेबांना धरायला योगिनी येऊ लागली, रोज संध्याकाळी तासभर. पहिल्या आठवड्यात उपकार म्हणून आली. पुढं मात्र तिनं स्वतःला कारण विचारणं सोडून दिलं.

सगळे गेले की दोघं भिंतीला पाठ लावून बसायची. थर्मासमधला चहा एकाच झाकणातून आळीपाळीनं.

"दमलात?" तो विचारायचा.

"हो. तुम्ही?"

"मी बी."

एवढंच. पण दिवसभरात तिला कुणी हे विचारत नसे. डेअरीत कॅन तिच्यासाठी थांबलेले, घरी पाण्याच्या घागरी. "आमची योगिनी दोन गड्यांना भारी हाय," असं मामी कौतुकानं सांगायची आणि तिसरी घागर पुढं करायची. मल्हारनं झाकण पुढं केलं की बोटं लागत, तेवढ्यापुरता थकवा हलका होई. मग तिला वाटायचं... याला तरी कोण हवंय? मी, की चौसष्ट किलो?

चार महिन्यांनी एकदा तिनं भिंतीकडे बघत म्हटलं, "मला चढायचंय."

"तुमाला धरणार कोण?" मल्हारच्या तोंडून निघून गेलं.

तिनं झाकण पुसून थर्मासला लावलं आणि निघाली. दोन दिवस गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली ती यापुढं येणार नाही हे सांगायला.

गोदामात तो एकटाच होता. हाताला सुकलेलं सिमेंट, केसांत सिमेंट. भिंतीखाली जमिनीत नवी कोरी लोखंडी कडी बसवलेली. तिला बघताच त्यानं आपल्या कमरेचा पट्टा त्या कडीला बांधला, दोनदा ओढून पाहिला आणि दोराचं दुसरं टोक तिच्यापुढं धरलं.

"चढा."

सांगायचं होतं ते राहून गेलं. ती चढली. पंधरा फुटांवर दिवसभराचे सगळे कॅन एकदम दंडात आले आणि हात सुटला.

खाली मल्हार तसूभर हलला नाही.

ती हवेत लटकत राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा भार दुसऱ्या कुणीतरी घेतला होता. तिनं डोळे मिटले, आणि काही कारण नसताना ते भरून आले.

"खाली घेऊ?"

"नको... आधी सांगा, ही कडी बसवायला किती वेळ लागला?"

"अर्धा दिवस. सुकायला दोन."

"मग चार महिने काय करत होता? कडी असती तर साहेबांनाही तुम्हीच धरलं असतं. माझी गरजच नव्हती."



"म्हणूनच बसवली न्हाय," तो म्हणाला. "काम न्हाय म्हटल्यावर तुमी कशाला आला असता?"

"आणि आता बसवलीत."

"आता बसवली." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "आता हितं तुमाला काम न्हाय, योगिनी. कुणाला धरू नका, काय उचलू नका. पण... या. दमून आलात तर नुसतं बसा."

समोरासमोर तिला हे कधीच बोलता आलं नसतं. भिंतीकडे तोंड होतं म्हणून बरं.

"मल्हार... मला तुम्ही आवडता."

दोराला असा हिसका बसला की ती हातभर खाली आली.

"अहो, धरा की!"

"धरलंय," तो घाईघाईनं म्हणाला. रडत होता की हसत होता, कळेना. "धरलंय... सोडत न्हाय."